ठकी कुठंय?

निघायचं सकाळी दहाला ठरलं होतं. आता दीड वाजत आलाय आणि मी आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराच्या, पलंगाखाली पालथा पडून, तोंडात टॉर्च धरून, "ठके, ये गं बाळा" म्हणायचा प्रयत्न करतोय. तोंडात टॉर्च असला की ते "हके, हे हं हाहा" असं ऐकू येतं आणि त्याने मांजर येत नाही हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. (नीट म्हटलं तरी येत नाही, पण निदान पोरगं हसत तरी नाही.)

तर आमच्या ट्रेलरला स्लाइड-आउट आहे. म्हणजे भिंतीचा एक भाग, सोफ्या-टेबलासकट, बटण दाबलं की ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो आणि आत ऐसपैस जागा होते. निघताना परत बटण दाबायचं की तो आत येतो. फक्त आत येताना त्याच्या खाली आणि मागे ज्या फटी असतात ना, तिथे मांजर असलं तर... हे वाक्य आमच्या घरात कुणी पूर्ण करत नाही. ते धूड शेकडो किलोचं आहे, मोटर काय मांजर बघून थांबत नाही. म्हणून नियम असा की ठकी डोळ्यांनी दिसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. "असेल की इथेच कुठेतरी" चालत नाही. दिसली पाहिजे.

आणि ठकी दिसत नाहीये.

खरं तर ट्रेलर आम्ही घेतला या दोघांसाठीच. दगडू म्हणजे आमचा कुत्रा, तीस किलो, आणि ठकी चार किलो. ठेवून गेलो की दगडू कुत्र्यांच्या बोर्डिंगवरून भुंकून भुंकून घसा बसलेला परत यायचा आणि ठकी चार दिवस आमच्याशी अबोला धरायची, म्हणजे तशी ती एरवीही फार बोलत नाही पण अबोला कळतो. मग बायको म्हणाली, त्यांनाच घेऊन जाऊ, आपलंच घर, आपलेच पलंग, कुणाच्या पाया पडायला नको. मला पटलं. मला त्या दिवशी काहीही पटलं असतं.

पहिला धक्का घरासमोरच बसला. चालत्या ट्रेलरमध्ये जनावरं ठेवायची नसतात! आत पट्टे नाहीत, ब्रेक मारला की कपाटातली भांडी जशी उडतात तसंच तेही उडणार, आणि मागे काय चाललंय ते आपल्याला पुढे कळतही नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढं घर घेतलं ते प्रवासभर गाडीत आमच्याच उरावर. दगडू हार्नेस घालून मागच्या सीटवर, ठकी कॅरिअरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या जाळीच्या पिशवीत. ठकीला त्या कॅरिअरमध्ये घालायला घरी चाळीस मिनिटं, दोन माणसं, एक टॉवेल आणि नंतर एक बँडेज लागलं. आत गेल्यावर तिने जो सूर लावला तो मुक्कामाला पोचेपर्यंत सोडला नाही. एकच सूर, कुठेही सम नाही.

दुसरा धक्का तासाभराने. दगडूच्या खाण्याचं पोतं आणि ठकीच्या शी-शूच्या वाळूच्या दोन पिशव्या मी हुशारीने ट्रेलरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात रचल्या होत्या, आणि त्यांच्यावर आणखी बरंच काय काय. हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या कडीवर, ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार यायला हवा असतो, सगळं मागे लोटलं की पुढचं टोक हलकं होतं आणि वेग घेतला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आमचा हलवायला लागला. हळूहळू वेग कमी करत बाजूला घेतली गाडी आणि रस्त्याकडेला उभं राहून अख्खं सामान पुढे आणलं. सगळं मिळून फार तर पन्नास-साठ किलो असेल, पण मी घाम पुसत होतो आणि दगडूला वाटलं पोतं बाहेर आलं म्हणजे जेवणाची वेळ झाली. प्रवासाच्या आधी तीन-चार तास त्याला काही द्यायचं नाही असं ठरलेलं, नाहीतर गाडीत ओकतो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या नावावरची जमीन विकली.

जेवायला थांबलो तर बसून एकत्र जेवणं नाहीच. बाहेर २१ अंश इतकी छान हवा असली तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ३२ च्या आसपास जातं आणि अर्ध्या तासात चाळीसला टेकतं, काच थोडी खाली ठेवून काही फारसा फरक पडत नाही. त्यामुळे पाळ्या लावल्या. मी आत खात असताना बायको बाहेर दगडूला धरून, मग उलट. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काचेतून एकमेकांकडे बघत जेवायची वेळ पहिल्यांदाच आली.

मुक्कामी पोचल्यावर ट्रेलर मागे घेणं, चाकांना ठोकळे लावणं, लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणणं हे सगळं सांगत बसत नाही. तेवढ्या वेळात सहा फुटांचा पट्टा वापरून दगडूने पोराला बाकाला बांधून ठेवलं होतं एवढंच सांगतो.

रात्रीचं मात्र सांगायलाच हवं. पहाटे अडीचला दगडूला "जायचं" होतं. बाहेर पाऊस. घरी याला मागचं अंगण आहे, दार उघडलं की जातो नि येतो, पण इथे नवीन जागा, नवे वास, प्रत्येक झुडपावर दुसऱ्या कुत्र्यांनी लिहून ठेवलेलं, ते सगळं वाचल्याशिवाय हा पुढे सरकेना. आणि जागा सापडली तरी बसेना, नुसता गोल गोल फिरत राहिला! २०१३ साली एक अभ्यास छापून आला होता, चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांचं १,८९३ वेळा हे निरीक्षण केलं आणि निष्कर्ष असा निघाला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण दिशेत बसणं पसंत करतात. त्याला पुढच्या वर्षी इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस. मी तिथे एका हातात छत्री, एका हातात पट्टा, खिशात पिशवी असा उभा राहून त्या १,८९३ वेळा उभ्या राहिलेल्या माणसांना मनापासून नमस्कार केला. त्या रात्री चुंबकीय क्षेत्र बहुतेक फार अशांत होतं. पंचवीस मिनिटांनी साहेब बसले, कुठल्या दिशेला ते मी बघितलं नाही.

आत आलो आणि पुढचा धडा. ओला कुत्रा अंग झाडतो तेव्हा चार सेकंदांत केसांतलं सुमारे ७० टक्के पाणी उडवतो, हेही कुणीतरी मोजलंय, हाय स्पीड कॅमेरे लावून. मोजताना त्यांनी ते पाणी जातं कुठे ते नाही बघितलं. मी सांगतो. चार पलंगांपैकी तीन, सगळे टॉवेल, आणि बायको. ठकी चौथ्या पलंगावर, कोरडी. तिला आधीपासून माहीत होतं.

सकाळी दगडूच्या कानामागे गोचीड सापडली, ती चिमट्याने अगदी कातडीपाशी धरून सरळ ओढून काढली, त्यात अर्धा तास गेला कारण पेशंट स्थिर बसेना. मग आवराआवर. कॅरिअर दार उघडून, वर टॉवेल टाकून खाली ठेवला, ट्रेलरचं दार बंद, खिडक्या बंद, म्हणजे ठकी आत असणारच. आणि दहाला बायको म्हणाली, "ठकी कुठंय?"

साडेदहापर्यंत कुणी घाबरलं नव्हतं. मग कपाटं झाली. सिंकखाली. बाथरूम. गाद्या उचलल्या. मांजराचं गळ्याजवळचं हाड आपल्यासारखं बाकीच्या सांगाड्याला जोडलेलं नसतं, स्नायूंत तरंगतं, त्यामुळे डोकं जिथून जाईल तिथून अख्खं मांजर जातं. हे ज्ञान मला कशाला होतं कोण जाणे, कारण त्यानंतर मी ट्रेलरमधली प्रत्येक फट "हिच्यातून डोकं जाईल का" अशी बघायला लागलो आणि जवळजवळ सगळ्यांतून जात होतं.

दगडू तर नुसता पायांत. दारापाशी कॅरिअरला नाक लावून बसलेला, हलायला तयार नाही. मी म्हटलं, "दगड्या, तुला कसली घाई, तुझी जागा वेगळी," आणि त्याला ओढून, कॅरिअर उचलून टेबलाखाली सरकवला. तो परत तिथे जाऊन बसला.

शेजारच्या ट्रेलरमधले काका आले. म्हणाले, "चिप बसवलीय ना? मग मोबाइलवर बघा की." त्यांना समजावलं की काका, ती कातडीखाली बसवतात, तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात फक्त १५ आकडी नंबर, तोही स्कॅनर मांजराला टेकवला तर दिसतो. म्हणजे मांजर सापडल्यावर मांजर सापडलं असं सांगणारी ती चिप आहे. काका म्हणाले, "मग काय उपयोग," आणि त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ते पण शोधायला लागले. त्यांची बायको पण. कुणीतरी म्हणालं, डबा उघडून आवाज करा, मांजर धावत येतं. उघडला. दगडू धावत आला, खाल्लं, परत कॅरिअरपाशी जाऊन बसला.

सव्वा वाजता बायको रडकुंडीला आली. "तू पहाटे दार उघडं ठेवलंस," असं म्हणाली नाही, पण म्हणाली. मी परत पलंगाखाली घुसायला निघालो, वाटेत परत तो कॅरिअर, परत उचलून सोफ्यावर ठेवला, आणि पलंगाखाली गेलो, टॉर्च तोंडात, तिथूनच मी हे सगळं सांगायला सुरुवात केली.

"बाबा," पोरगं बाहेरून म्हणालं, "दगडू सोफ्यावर चढलाय."

"हाकल त्याला!" (म्हणजे "हाहल ह्याहा.")

"बाबा, तो कॅरिअरकडे बघतोय."

"हह हहू हे."

"बाबा, कॅरिअर जांभई देतोय."

मी बाहेर आलो. टॉवेल वर केला. ठकी आत, पाय पोटाशी घेऊन, आमच्याकडे बघत. जिला आत घालायला चाळीस मिनिटं आणि एक बँडेज लागलं होतं ती स्वतःहून जाऊन सकाळपासून तिथेच झोपली होती. कॅरिअरमध्ये बघायचं कुणाच्या डोक्यात आलंच नाही, कारण तिथे ती असणं शक्यच नव्हतं.

बायको माझ्याकडे वळली. "तू तर तो दोनदा उचललास."

"हो."

"चार किलो आहे ती. जड नाही लागला?"

लागला होता. मला वाटलं सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून असेल.

काकांनी टाळ्या वाजवल्या, का ते माहीत नाही. कॅरिअरची चेन लावली, बायकोने वाकून जाळीतून पुन्हा एकदा बघितलं, पोराने बघितलं, काकांनी बघितलं, मग मी बटण दाबलं. स्लाइड-आउट गुरगुरत आत आला. ठोकळे काढले, हिच तपासला, दगडू आपणहून सीटवर चढून बसला, एकदाचा.

तीनला निघालो. पहिल्या वळणावर ठकीने सूर लावला.