सदस्याचा गैरसमज

आमच्या सोसायटीत गच्चीच्या किल्लीचं एक रजिस्टर आहे. लाल कापडी बांधणीचं, सुतळीला पेन बांधलेलं. त्यात गेल्या मंगळवारच्या ओळीत माझ्या फ्लॅटच्या नंबरासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, निळ्या शाईत लिहिलं गेलं : 'गच्चीशी संबंध नाही. सदस्याचा गैरसमज.' खाली सही आणि तारीख. सोसायटी झाल्यापासून त्या रजिस्टरचं एक पान फाटलेलं नाही. म्हणजे उद्या मी नसलो तरी माझा गैरसमज राहणार.

झालं होतं एवढंच, की अक्षय्य तृतीयेला मी ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. त्याला जुना सेट टॉप बॉक्स शोभेना, म्हणून कंपनीकडून फोर-केवाला बॉक्सही घेतला. पंधरा दिवस बरं चाललं. मग पडद्यावर साखर सांडल्यासारखे पांढरे ठिपके चमकायला लागले. ठिपके आले की दोन-तीन सेकंद मिट्ट काळोख, मग 'नो सिग्नल' अशी पाटी, मग पुन्हा चित्र, जसं काही झालंच नाही. आणि हे नेमकं आईच्या साडेसातच्या मालिकेत. काळोखाआधी सासूचा हात उगारलेला, काळोखानंतर कुणीतरी गाल धरून उभं. मारलं कुणी आणि खाल्ली कुणी, हे दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणात कळायचं. तिथेही काळोख झाला नाही तर.

बॉक्सवाल्या कंपनीला फोन केला. "सर, बॉक्स बंद करून चालू करा." केला. "आता दिसतंय का?" दिसतंय. "मग सर, टीव्हीचा प्रॉब्लेम आहे." टीव्हीवाल्यांना फोन केला. "सर, टीव्ही बंद करून चालू करा." केला. "दिसतंय? मग बॉक्सचा प्रॉब्लेम आहे, सर." दोन घराण्यांच्या भांडणात पोराची शाळेची फी कुणी भरायची, तशी माझी गत. चार दिवसांत ही दोन उपकरणं मी इतक्या वेळा बंद-चालू केली, की रात्री झोपताना बायकोलाही "एकदा बंद करून चालू करू का" असं विचारून बसलो. म्हणजे दिवा.

शेवटी बॉक्सवाल्यांचा मुलगा आला. रेनकोट न काढता दारातूनच टीव्हीकडे बघून म्हणाला, "डिश हललीय. गच्चीवर जावं लागेल."

आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरी काकांकडे असते.

काका कुठल्याशा सरकारी खात्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेत. म्हणजे ते खातं काकांतून निवृत्त झालं. काका अजून तिथेच आहेत. बेल वाजवली तर त्यांनी आधी रजिस्टर उघडलं, मग दार.

"काय काम गच्चीवर?"

"डिश बघायचीय, काका. चित्र जातंय."

"जातंय की गेलं?"

"मधेमधे जातं. मग येतं."

"आत्ता आहे?"

"आत्ता... आहे."

"मग आहे ना." पेनाचं टोपण बसलं.

मी म्हटलं, आत्ता आहे, पण थोड्या वेळानं जाईल. काका म्हणाले, जाईल तेव्हा ये. पावसाळ्यात गच्ची बंद असते, वॉटरप्रूफिंगला किती पैसे गेले तुला माहितीय. मी म्हटलं, माणूस आत्ता आलाय. काकांनी नाइलाजानं टोपण काढलं आणि कारणाच्या रकान्यावर येऊन थांबले. आधीच्या नोंदी मला उलट्या दिसत होत्या. 'कुरडया.' 'टाकी.' 'पतंग (नातू).' 'कुरडया (राहिलेल्या).'

"काय लिहू? 'चित्र मधेमधे जाते' हे कारण होत नाही. ही तक्रार झाली. तक्रारीचं रजिस्टर वेगळं आहे."

"डिश दुरुस्ती लिहा."

"पण डिश बिघडलीय हे सिद्ध कुठं झालंय?"

"ते बघायलाच गच्चीवर जायचंय ना, काका!"

"म्हणजे संशयावरून." त्यांनी विचार केला. "संशयावरून किल्ली दिली तर उद्या प्रत्येक जण संशय घेऊन येईल. मी आधी स्वतः बघतो." आणि पायात चपला सरकवून ते खरंच निघाले. मागोमाग काकूंचा आवाज आला, "अहो, छत्री!" दोन मजले चढायचे होते, तेही जिन्यानं.

आमच्याकडे येऊन काका टीव्हीच्या ट्रॉलीला लागून असलेल्या दिवाणावर टेकले, डावं कोपर ट्रॉलीवर ठेवलं आणि चित्राकडे अशा नजरेनं बघायला लागले, की चित्रानं व्हाउचरं सादर करावीत. चित्र लख्ख. एक ठिपका नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आईनं चहा टाकला. रेनकोटवाला मुलगा म्हणाला, "मला अजून चार कॉल आहेत. तुम्हाला ओटीपी आला असेल, तो सांगा." मी सांगितला. तो गेला आणि मला मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' पुढच्या मिनिटाला दुसरा, 'आमच्या सेवेला किती गुण द्याल?' हे लिहिताना आत्ताही माझे कान तापतात. भेटीचे अडीचशे रुपये घेतले, स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून बाहेर आला नाही, आणि निवारण झाल्याचा सहा आकडी पुरावा मीच माझ्या तोंडानं दिला. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँक कानीकपाळी ओरडते, ते बँकेपुरतंच असावं असं मी समजत होतो.

काका चहा संपवून उठले, "काही होत नाहीये" म्हणाले, आणि लिफ्टनं खाली पोचले नसतील तोच ठिपके, काळोख, पाटी.

मी धावत खाली. काका पुन्हा वर. दिवाण, कोपर, चित्र लख्ख. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. काकांच्या चेहऱ्यावर आता जरा तेज आलं होतं. "माझ्यासमोर कसं जात नाही?" ते आईला म्हणाले. "ऑफिसातही असंच. मी टेबलावर असेपर्यंत एक माणूस जागचा हलत नसे." दरम्यान मालिकेतली सगळी नाती त्यांना कळली होती आणि धाकट्या जावेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

गुरुवारी आईनं खारी ठेवली. काकांनी खारी घ्यायला हात उचलला, आणि काळोख. हात ट्रॉलीवर आला, चित्र आलं.

"काका, हात उचला."

"खारी तरी खाऊ दे."

"उचला जरा. हां. आता ठेवा. उचला. ठेवा."

"अरे, ठेवू दे की त्यांना!" आई कळवळून म्हणाली. "आत्ताच तर ती खरं सांगतेय."

माझ्या लहानपणी पुण्यात टीव्हीचा अँटेना सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून कौलांवर उभा असायचा. कावळा बसला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि घरातल्या एकाला वर चढून नळी धरून उभं राहावं लागायचं. खालून दुसरा ओरडायचा, आलं, आलं, थांब, गेलं. तो वर चढलेला म्हणजे मी. 'छायागीत' हा गाण्यांचा कार्यक्रम मी किती वेळा फक्त ऐकला त्याचा हिशेब नाही. एवढ्या वर्षांत विज्ञानानं केलेली प्रगती म्हणजे तो माणूस आता गच्चीवरून दिवाणखान्यात आला आणि त्याला खारी मिळते.

मी ट्रॉली ओढून मागे डोकावलो. भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये एचडीएमआयची, म्हणजे बॉक्समधून टीव्हीत चित्र नेणारी, वायर काटकोनात मुडपली होती. काकांच्या कोपरानं ट्रॉली बोटभर सरकायची आणि मुडपा सैल व्हायचा. वायर डीव्हीडी प्लेअरच्या जमान्यातली, २०११ सालची. नवीन कशाला, आहे की, असं म्हणून ती मीच लावली होती. हे मी काकांना सांगितलेलं नाही आणि इथं लिहिलंय ते ते वाचत नाहीत म्हणून.

नंतर बसून वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पावसानं किंवा डिश हलल्यानं सिग्नल बिघडला की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, माणूस फरशीवर सांडल्यासारखा दिसतो, आणि बॉक्स स्वतः पडद्यावर पाटी लावतो. साखरेसारखे ठिपके आणि टीव्हीच्या स्वतःच्या अक्षरातली 'नो सिग्नल' म्हणजे भानगड बॉक्स आणि टीव्हीच्या मधल्या दीड मीटरमध्ये. फोर-के चित्र पुरेपूर रंगांत, सेकंदाला ५० वेळा पाठवायचं तर वायरीला सेकंदाला १८ अब्ज बिट वाहून न्यायची तयारी लागते. माझी वायर १४ वर्षांची, त्यात कंबरेत वाकलेली. विषुववृत्तावर जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह. चित्र जमिनीवरून तिथं जातं, तिथून पावसाळी ढगांतून आमच्या गच्चीवर उतरतं, आणि ट्रॉलीमागे येऊन मरतं. आणि हे सांगायला दोन कंपन्यांच्या दोन हेल्पलाइनींवरच्या एकाही आवाजाला सुचू नये? 'वायर बदलून बघा' हे तीन शब्द. पण वायर बॉक्सवाल्याची नाही आणि टीव्हीवाल्याचीही नाही. तिला वालीच नाही.

बरं, एवढं वाहून नेऊन वायर नेत होती तरी काय? आमच्या पॅकमधल्या मराठी वाहिन्या साध्या, एचडीही नाहीत. ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतले ठिपके. टीव्हीला हवे ८३ लाखांच्या आसपास. बरोबर २० पट. बॉक्स एका ठिपक्याचे वीस करून तो फुगवटा वायरीत कोंबत होता. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन २१६०पीचं, म्हणजे फोर-केचं, १०८० केलं असतं, तरी त्या जुन्या वायरीवर भागलं असतं. फुगवायचं काम टीव्हीनं स्वतः केलं असतं. फोर-के टीव्ही नीट चालावा म्हणून त्याला फोर-के पाठवायचं नाही! हे कळल्यावर मी टीव्हीच्या बिलाकडे बराच वेळ बघत बसलो.

तरी तपकीर गल्लीत जाऊन नवी वायर आणली. "फोर-केला चालेल ना?" असं विचारल्यावर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "कशालाही चालंल." साडेतीनशे रुपये. लावली. ठिपके गेले, काळोख गेला.

रजिस्टरचा विषय मात्र राहिला. मंगळवारची नोंद उघडी पडली होती, किल्ली नेलीच नव्हती, आणि उघडी नोंद काकांना झोपू देत नव्हती. शनिवारी बोलावून त्यांनी माझ्यासमोर मंगळवारच्या ओळीत शेरा लिहिला, तारीखही मंगळवारचीच टाकली. मी म्हटलं, काका, गैरसमज त्या डिशवाल्या पोराचा होता.

"त्याचा फ्लॅट आहे इथं?"

"नाही."

"मग कुणाच्या नावावर टाकू? रकान्यात फ्लॅट नंबर लागतो."

त्यांच्या पाठीमागे टीव्हीवर जुना कृष्णधवल चित्रपट चालू होता. नायिकेचा चेहरा या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि नायक ज्या टांग्यातून येत होता त्याची चाकं आडव्या अंड्यांसारखी, घरंगळतायत. मला राहवेना. रिमोट घेऊन चित्राचा आकार बदलला. चाकं गोल झाली, नायिका एकदम वीस वर्षांनी लहान झाली. आतून काकू आल्या आणि बघतच राहिल्या, "अगं बाई, केवढीशी होती ही!"

काका दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांकडे बघत होते.

"हे काळं का?"

"चित्र मुळात तेवढंच आहे, काका."

"पैसे मी पूर्ण पडद्याचे दिलेत. कर परत होतं तसं."

मी केलं. टांगा पुन्हा अंड्यांवर चालू लागला. काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. शेऱ्याखाली सदस्याचीही सही लागते.