म्हणे सगळ्यावर चालतं!

काय चालतं? कशावर चालतं? नाशिकरोडहून निघून नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास तडफडलो, एमजी रोडला गाडी लावायला जागा मिळेना म्हणून तीन चकरा मारल्या आणि दुकानात शिरल्या शिरल्या पहिलं हेच सांगितलं की दादा, कॉम्प्युटरवर विंडोज नाही, उबंटू आहे, म्हणजे लिनक्स, २४.०४ व्हर्जन, दोन मॉनिटर लावायचेत, त्यावर नीट चालेल असं ग्राफिक्स कार्ड द्या. तर म्हणे "चालतं हो, सगळ्यावर चालतं."

काउंटरवर एनव्हिडियाच्या जीटी ७३० कार्डाचे दोन बॉक्स ठेवले, एक ६४ बिट, एक १२८ (कार्डाच्या मेमरीचा रस्ता किती रुंद, तो हा आकडा). "१२८ वालं घ्या, डबल आहे." घेतलं. चार हजार मोजले. घरी येऊन बसवलं, टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय मारलं, म्हणजे आत कुठलं हार्डवेअर आहे ते सांगणारी कमांड, आणि समोर काय, तर जीएफ१०८ चिप. फर्मी, एनव्हिडियाची जुनी पिढी! म्हणजे ७३० या एकाच नावाने दोन वेगळ्या चिप बाजारात आहेत, ६४ बिटवाली केप्लर, म्हणजे फर्मीच्या नंतरची पिढी, ३८४ कोरची, आणि मला "डबल" म्हणून दिलेली ही जुनी, कोर फक्त ९६. केप्लरला निदान एनव्हिडियाचा ४७० नंबरचा ड्रायव्हर तरी आहे. फर्मीचा शेवटचा ड्रायव्हर ३९०, त्याचा सपोर्ट २०२२ ला संपला आणि माझ्या कर्नलवर, म्हणजे उबंटूच्या गाभ्यावर, तो बिल्डच होत नाही. मग राहिला नूवो, लिनक्सवाल्यांनी बनवलेला फुकट ड्रायव्हर, त्यात कार्ड कमी क्लॉकवरच, म्हणजे कमी वेगावरच रखडतं, एका मॉनिटरवर व्हिडिओ लावला की दुसऱ्यावरचा माउस अडकतो.

दुकानदाराला फोन केला. "कार्ड ओके आहे, तुमचा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे. विंडोज टाका ना, अर्ध्या तासाचं काम." अहो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप लागते ती माझ्या मशीनमध्ये नाही, म्हणून तर उबंटूवर आलो ना! धडधाकट मशीन भंगारात घालू का तुमच्या कार्डासाठी?

आणि हे दरवेळचं आहे. वायफाय डोंगल घेतलं तेव्हा हेच, प्रिंटरला हेच, बॉक्सवर विंडोजचा लोगो आणि लिनक्सबद्दल एक अक्षर नाही, विचारलं की "चालेल". एएमडी कंपनीचं कार्ड दाखवा म्हटलं, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो, वेगळं काही टाकायची भानगड नाही, तर "मागणी नाही, ठेवत नाही". अरे, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा ना! मी घरी जाऊन शोधून येईन, दोन दिवस थांबेन. पण समोरचा माणूस नीट विचारतोय आणि तुम्ही ठोकून देताय, याचा मला भयंकर संताप येतो.

सील फोडलं म्हणून परत घेणार नाही म्हणतोय. मी बॉक्सचा फोटो आणि एलएसपीसीआयची ती ओळ प्रिंट करून ठेवलीये, बिलाला स्टेपल मारलंय. उद्या दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभा राहणार.