'जिज्ञासू' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : अँडरसन, मुलं आणि माझा 'खोडसाळपणा'

'जिज्ञासू' या नावाआडून लिहिणारे वाचक,

डॅनिश परीकथाकार हॅन्स अँडरसनवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात लिहू नये म्हणून झोपले, सकाळी पुन्हा वाचली. राग तसाच आहे. सुरुवात काय, तर "ताई, अभ्यास वाढवा." शेवटी हात जोडल्याचं चित्र. हल्ली ते हात जोडले की मध्ये वाटेल ते बोलायची मुभा मिळते, असं दिसतं. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. पण "सवंग", "गावगप्पा" आणि "खोडसाळपणा" हे सगळं एका दमात? माझी मतं लोकांनी इथं पुष्कळदा खोडून काढली आहेत. माझी लायकी काढणारे तुम्ही पहिलेच.

असो. तुमचं एक वाक्य जसंच्या तसं देते : "जगभरच्या मुलांवर जीव ओवाळून टाकणाऱ्या लेखकाला मुलांचा तिटकारा होता असं सुचवणं हा निव्वळ खोडसाळपणा आहे." तिटकारा? हा शब्द माझ्या लेखात शोधून दाखवा. मुलं अंगाला झोंबलेली त्याला खपायची नाहीत, एवढंच मी लिहिलं होतं, आणि ते माझ्या मनचं नाही, त्याच्याच तोंडचं आहे. 1875 साली, म्हणजे तो जायच्या काही महिने आधी, कोपनहेगनच्या राजोद्यानात त्याचा पुतळा उभारायचं चाललं होतं. शिल्पकारानं आराखडा दाखवला, त्यात हा गोष्ट सांगतोय आणि मुलं त्याला बिलगून बसली आहेत. म्हातारा भडकला. माझ्या पाठीशी कुणी बसलेलं, मांडीला कुणी खेटलेलं असताना मला वाचताच येत नाही, असं त्यानं सुनावलं. 1880 मध्ये पुतळा बसला तो एकट्याचा. एका हातात पुस्तक, दुसरा हात पुढे केलेला. मूल औषधालाही नाही. आता हा खोडसाळपणा माझा की त्याचा?

पुतळ्याच्या त्या वादाच्या सुमारासच तो आणखी एक बोलला होता, तेही वाचून ठेवा. माझ्या कथा जितक्या मुलांसाठी तितक्याच मोठ्यांसाठी आहेत, मुलांना वरवरची सजावट तेवढी कळते, बाकीचं मोठं झाल्यावर. मला हे पटतं, आणि पुस्तकं चाळून पटलेलं नाही. उभी हयात मी सांगलीकडच्या प्राथमिक शाळांत शिकवण्यात घालवली. काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची त्याची गोष्ट चौथीला वाचून दाखवायचे. वर्षअखेरची रात्र, बर्फ, ती पोर भिंतीच्या कोपऱ्यात एकेक काडी ओढतेय, तिला शेगडी दिसते, भाजलेला हंस दिसतो, शेवटी आजी दिसते. सकाळी लोकांना ती गारठून मेलेली सापडते. एका पोरानं विचारलं, "बाई, मग उरलेल्या काड्या कुणी घेतल्या?" तेवढ्यात घंटा झाली आणि वर्ग डबे घेऊन पळाला. डोळे पुसत बसले होते ते मी आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई. तुम्ही किती वर्गांसमोर उभं राहून ही गोष्ट वाचली आहे, ते कळवलंत तर बरं होईल. "मुलांचा लाडका गोष्टीवाला" हे चित्र मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी काढलं. डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावच्या चांभाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी एकटा राजधानीत गेला तो नट व्हायला, गायक व्हायला. नाटकं लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या, आणि आपल्याला मोठा साहित्यिक म्हणावं यासाठी जन्मभर झुरला.

एक गोष्ट तुमची मान्य. कागदाच्या कात्रणांवर एखादा परिच्छेद हवा होता. भली मोठी कात्री घेऊन तो बोलता बोलता घडीचा कागद कापत जायचा आणि गोष्ट संपली की उलगडून दाखवायचा : नर्तकी, हंस, मध्येच फासावर लटकलेला माणूस. यजमानांच्या घरची मुलं त्यासाठी टपून असायची. घ्या, दिलं तुम्हाला. माणूस मनानं कोरडा होता असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. धुणी धुऊन त्याला वाढवणाऱ्या आईला मी दोन ओळींत उरकलं म्हणता. लेख आईवर नव्हता. आणि इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या घरचा त्याचा मुक्काम, त्यावर तुम्ही विचारता : "एका कंटाळलेल्या यजमानाच्या कुरबुरीवरून पाहुण्याची पारख करायची का, तेही त्या पाहुण्याला इंग्रजी धड बोलता येत नसताना?" करायची. 1857 साली हा दोन आठवड्यांसाठी म्हणून गेला आणि पाच आठवडे राहिला. तो गेल्यावर डिकन्सनं त्या खोलीतल्या आरशावर चिठ्ठी लावली की हे पाच आठवडे घरच्यांना युगांसारखे वाटले. पाहुणा किती दिवस राहिला हे मोजायला भाषा लागत नाही. त्याच मुक्कामात आपल्या कादंबरीवरची वाईट समीक्षा वाचून तो हिरवळीवर पालथा पडून रडला होता. तुमची प्रतिक्रिया वाचून मी तसलं काही केलेलं नाही, गैरसमज नसावा.

पुढे डिकन्सनं त्याच्या पत्रांना उत्तर देणंच सोडून दिलं. मी निदान तुम्हाला उत्तर देते आहे.