दाजी, जरा पाण्यात उतरता का?

लो रेंज (म्हणजे गाडी हळू, पण जास्त जोराने ओढणारा गिअर), पहिला गिअर, क्लचला पाय लावायचा नाही. मेहुण्याने हा मंत्र मनाली सोडल्यापासून इतक्या वेळा म्हटला की अटल बोगदा संपेपर्यंत सासूबाईंनाही तो पाठ झाला होता. बोगदा नऊ किलोमीटरचा, दिवेबिवे लावलेला, पोटातलं पाणी हलणार नाही असा. २०२० साली तो सुरू झाल्यापासून लाहौलला जायला रोहतांगची खिंड चढावी लागत नाही. बाहेर पडलं की डावीकडे केलाँगचा चांगला रस्ता आणि उजवीकडे कोकसर, ग्रामफू करत स्पीती. आमची गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी. घेतल्यापासून तिने कोथरूडचे गतिरोधक सोडून काही ओलांडलं नव्हतं. त्यामुळे उजवीकडे.

ग्रामफूला वळलो आणि रस्त्याने अंग काढून घेतलं. कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक ५०५. प्रत्यक्षात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली चंद्रा नदी आणि मधे डोंगराने नदीकडे धाडलेले, पण वाटेतच मुक्काम ठोकलेले दगड. बटलपर्यंत हे पन्नासेक किलोमीटर. वेग विचारू नका.

ऑफ-रोडिंगबद्दल जे काही सांगितलं जातं ते सगळं चालवणारेच सांगतात. शेजारी बसणाऱ्याची कोणी दखल घेत नाही. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, हातात धरायला स्टिअरिंग असतं, झालंच तर मर्दुमकीही त्याची. शेजारच्याला खड्डा थेट मणक्यातून कळतो. खिडकीवरच्या मुठीला लोंबकळायचं आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहायचा. माझी उजवी पोटरी दुसऱ्या दिवशीही ब्रेक दाबत होती. मागून सूचना चालूच. बायको "डावीकडे घे" म्हणाली की सासूबाई "अरे, डावीकडे दरी आहे" म्हणायच्या, आणि दोघींचं खरं असायचं.

खरी गंमत नाल्यांची. वरच्या हिमनद्यांवर ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि पाणी रस्त्यावरून धावत सुटतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला भिडतो. म्हणून इथले लोक उजाडताच निघतात. आम्हीही पहाटे साडेपाचला निघणार होतो. पण आधी चहा, मग ज्यांचा पहिला थंड झाला त्यांच्यासाठी पुन्हा चहा, मग थर्मासमध्ये भरायचा चहा, आणि मग इतका चहा झाल्यावर जे होतं ते. छत्रूच्या पुढच्या नाल्यावर पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

मेहुण्याने गाडी थांबवली, पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाजी, खोली बघायला कोणीतरी आधी चालून जावं लागतं. तुम्ही उंच आहात."

उंची पाच फूट सहा इंच. पण जावयाला नाही म्हणता येत नाही, विशेषतः सासूबाई "जावईबापू, जपून हं" असं आधीच म्हणून मोकळ्या झाल्यावर. पँट वर खोचली, चपला घातल्या आणि उतरलो. पहिल्या पावलाला कळ मस्तकात गेली, तिसऱ्यापासून पाय आहेत की गाडीतच राहिले ते कळेना. पाणी गढूळ, राखाडी. तळ दिसतच नाही. आणि तळातून दगड गडगडत येतात. आधी आवाज येतो, मग तो दगड नेमका घोट्याच्या हाडावर बसतो. पलीकडे पोचून मी हात केला. पाणी कुठे उथळ आहे ते सांगायचं होतं. मेहुण्याला वाटलं, या.

तो लो रेंज टाकतो न टाकतो तोच मागून एक जुनी आल्टो आली. आत पाच माणसं, टपावर मटारची पोती. चालवणाऱ्याचा एक हात खिडकीबाहेर. तो थांबला नाही, उतरला नाही, फक्त थोडा तिरका घुसला आणि पलीकडे निघून गेला. पाठोपाठ हिमाचल परिवहनची बस आली, तीही तशीच गेली. बसमधली एक आजी झोपेतून जागीसुद्धा झाली नाही.

त्यानंतर आमची गाडी आली, मंत्र म्हणत. पुढचं चाक एका धोंड्यावर चढलं, बंपरने करकरून निषेध नोंदवला आणि मागून "पांडुरंगा! पांडुरंगा!" असा धावा ऐकू आला. नंतर मी सासूबाईंना सांगितलं की ही चंद्रा तांदीला भागा नदीला मिळते आणि पुढे चंद्रभागा होते. त्यांनी खिडकी खाली करून हात जोडले. "मग बरोबर ऐकू गेलं त्याला," म्हणाल्या.

बटलला चाचा-चाचींच्या ढाब्यावर राजमा-चावल खाल्ला. तो कसा होता ते सांगता येणार नाही, कारण ताट अजून हलतंय असंच वाटत होतं. पुढे कुंझुम खिंडीची वळणं, साडेचार हजार मीटरच्या वर. तिथल्या देवीच्या देवळाला गाड्या प्रदक्षिणा घालून मगच पुढे जातात. मेहुण्याने घातली, पण लो रेंजचा दांडा काही निघेना. इंजिन गुरगुरतंय, गाडी मुंगीच्या पावलाने फिरतेय, मागे चार जीपा खोळंबल्यात आणि सासूबाई प्रसन्न. "याला म्हणतात प्रदक्षिणा," म्हणाल्या, "उगाच पळायचं नाही."

लोसरला मुक्कामाच्या घरी मेहुण्याने गाडीखाली वाकून नुकसान मोजायला घेतलं. मी चुलीशी पाय शेकत बसलो. सासूबाईंनी मात्र यजमानीणबाईंना आपल्या हिंदीत गाठलं होतं.

"वो काझा से मनाली का एस्टी," त्या विचारत होत्या, "सुबह कितने बजे आता है?"