आवक-जावक

32 वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं. त्यामुळे भाच्याने कॉम्प्युटर बसवताना, "मामा, यात फायरवॉल असते. आत येणाऱ्याला अडवते, बाहेर जाणाऱ्याला सहसा काही विचारत नाही," असं सांगितलं, तेव्हा हे यंत्र मला एकदम आमच्याच खात्यातलं वाटलं. आमच्याकडेही जावक बिनबोभाट सुटायची. सतरा शंका काय त्या आवकेला. फक्त आमच्या कचेरीला खिडकी एकच होती आणि तीही जेवणाच्या सुट्टीत बंद. इथे पोर्ट, म्हणजे माहितीच्या ये-जा करायच्या खिडक्या, म्हणे 65,535!

नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला देऊनही पेन्शन अडकली. बँकेतून फोन आला, "पोचपावती स्कॅन करून मेल करा." वायफायवर चालणारा नवा प्रिंटर-स्कॅनर घरात होताच. त्याचं सॉफ्टवेअर सुरू केलं, तशी पडद्यावर खिडकी उगवली: फायरवॉलने या प्रोग्रॅमची काही कामं अडवली आहेत, परवानगी द्यायची की रद्द करायचं?

न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही, हा माझा बाणा. मी 'रद्द' दाबलं. माझ्या समजुतीने रद्द म्हणजे विषय तहकूब. विंडोजच्या लेखी मात्र रद्द म्हणजे नामंजूर. त्याने मुकाट्याने दोन मनाईचे नियम नोंदवून टाकले, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा; माहिती धाडण्याच्या या दोन पद्धती. मला कळवलंसुद्धा नाही.

स्कॅन काही येईना. म्हटलं, नक्की कोणीतरी आत शिरलंय. कॉम्प्युटर कुणाकुणाशी जोडलाय हे दाखवणारी, कुठेतरी वाचलेली नेटस्टॅट नावाची आज्ञा काळ्या पडद्यावर टाइप केली आणि घामच फुटला. 127.0.0.1 नावाचा इसम जागोजागी चिकटलेला! खाली 192.168.1.7 दबा धरून. दोघांचे नंबर वहीत उतरवून भाच्याला फोन लावला.

"मामा, 127.0.0.1 म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. तो स्वतःशीच बोलतोय."

"इतकं?"

"अहो, तुम्ही नाही का बोलत?" हे पलीकडच्या खोलीतून.

"आणि 192.168ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरातच चालतात. तो 7 नंबर बघा, तुमचा प्रिंटरच असेल."

प्रिंटरच होता. तासभर ज्याची वाट पाहत होतो, त्यालाच मी संशयितांच्या यादीत घातलं होतं.

मग भाच्याला न विचारता मी प्रोग्रॅमसाठी परवानगीचा ठसठशीत नियम बनवला. तरी स्कॅन येईना. पुन्हा फोन.

"मामा, मनाईचा नियम असला की परवानगी चालत नाही. मनाई वरचढ."

हे मात्र समजावून सांगावं लागलं नाही. दहा टेबलांची शिफारस असली तरी समासात कुणीतरी खरडलेलं एक 'नामंजूर' पुरतं, हे मी जन्मभर पाहिलंय. नियमांची यादी उघडली. पगारपत्रकापेक्षा लांब. हिरव्या टिकांच्या रांगेत आमच्या स्कॅनरच्या नावापुढे दोन लाल खुणा दिसल्या.

"डिलीट करा," भाचा म्हणाला.

कसं करणार? आमच्याकडे कागद नष्ट करायचा तर आधी अ, ब, क, ड अशी वर्गवारी, मग मुदत संपायची वाट, मग साहेबांची सही. शेवटी दोन्ही नियम वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आणि मगच बटण दाबलं.

स्कॅनर घरघरला. पोचपावती पडद्यावर आली. उलटी, पण आली. मी वहीत तारीख टाकून लिहिलं: आवक क्रमांक 1.

"अहो, आता पाठवा की बँकेला," ही म्हणाली.

"थांब जरा. जावक क्रमांक पडू दे."