सिंहस्थाच्या आधी सांडपाण्याचं पण बोला की

सिंहस्थ म्हटलं की नाशकात सध्या रस्ते, पूल, घाट, रिंगरोड यावरच गप्पा, तपोवनातल्या झाडतोडीवरून तर अख्खं शहर भांडलं (आणि भांडायलाच पाहिजे होतं), पण एवढी माणसं ऐन पावसाळ्यात गोदाकाठी येणार, पहिलं अमृतस्नानच २ ऑगस्ट २०२७ ला आहे, तेव्हा एखादी साथ शिरली तर आपल्याला कळणार कधी आणि सांगणार कोण हा विषय कुणी काढतच नाहीये. मग मीच काढतो, आणि माझं उत्तर सांडपाण्यात आहे, द्या शिव्या.

हरिद्वार आठवतंय का? २०२१ च्या कुंभात प्रायव्हेट लॅबना कोरोना टेस्टचं काम दिलेलं आणि पुढे चौकशीत किमान १ लाख रिपोर्ट बोगस निघाले. सापडलं कसं तर पंजाबातल्या एका माणसाला मेसेज आला की तुमचं सॅम्पल घेतलंय, आणि हा गडी हरिद्वारला गेलेलाच नाही! दुसरा कुणी असता तर मेसेज डिलीट करून झोपला असता, याने आरटीआय टाकला. आता विचार करा, त्या दिवसांत 'पॉझिटिव्हिटी रेट कमी आहे, काळजी नको' असं जे रोज सांगत होते ते कशाच्या जोरावर?

आणि आपण काय वेगळं केलं हो. २०२० च्या सुरुवातीला इथले स्वॅब पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत) जायचे, रिपोर्टची वाट बघता बघता माणूस अर्धा व्हायचा, पण तो रिपोर्ट पेशंटच्या हातात पडायच्या आधी नावासकट, बिल्डिंगसकट कॉलनीच्या ग्रुपवर फिरलेला असायचा. आमच्या गल्लीत एका घराला महिनाभर कुणी दूध टाकेना. जे झाकायला पाहिजे होतं ते गावभर झालं आणि जी माहिती खरंच सगळ्यांना मिळायला हवी होती ती फायलीत राहिली, माझा राग आहे तो यावर.

कोणती माहिती? तर विषाणूची. आरटीपीसीआर फक्त सांगते आहे की नाही, तो कोणत्या जातीचा, कुठून आला, बदलतोय का हे कळायला त्याची साधारण ३० हजार अक्षरं वाचावी लागतात, तेच ते जीनोम सिक्वेन्सिंग. शांघायच्या झांग योंगझेन यांच्या टीमने ती सगळी अक्षरं ११ जानेवारी २०२० ला सरळ नेटवर टाकली, दुसऱ्याच दिवशी त्यांची लॅब 'सुधारणेसाठी' बंद करायला लावली, पण तोवर जगाला मिळालं होतं आणि १३ तारखेला बर्लिनच्या लॅबची टेस्टची पद्धत डब्ल्यूएचओच्या साइटवर होती. बघा, दोन दिवस!

आता आपल्याकडे या. कोरोनाचा जो प्रकार पुढे डेल्टा म्हणून जगभर गाजला त्याच्या घराण्यातले नमुने २०२० च्या शेवटी महाराष्ट्रातच सापडत होते. इन्साकॉग (सिक्वेन्सिंग करणाऱ्या लॅबचा केंद्राचा गट) डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झालं, पॉझिटिव्हपैकी ५ टक्के नमुने सिक्वेन्स करायचं ठरलं, ते काही जमलं नाही. २४ मार्च २०२१ ला दिल्लीने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत नवीन म्युटेशनं (त्या अक्षरांतले बदल) दिसतायत, आणि त्या आठवड्यात इथे लोक बेडसाठी दवाखान्यांचे दरवाजे वाजवत फिरत होते. ही माहिती जिल्ह्याच्या डॉक्टरांना जानेवारी-फेब्रुवारीत मिळाली असती तर मार्चच्या लग्नांवर कुणीतरी आवाज चढवला असता की नाही?

लपवतात का, तर बदनामीची भीती, आणि ती खोटी नाही. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला ओमिक्रॉनची माहिती प्रामाणिकपणे दिली आणि दोनतीन दिवसांत त्यांचीच विमानं बंद. उद्या 'नाशिक व्हेरियंट' असं टीव्हीवर झळकलं तर हॉटेलवाले, द्राक्षवाले सगळे बोंबलतील, मी पण बोंबलेन. पण म्हणून तपासायचंच नाही हा कुठला उपाय?

माझं म्हणणं साधं आहे. लाखो लोकांच्या नाकात काड्या घालत बसू नका, तपोवन आणि आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांत येणारं पाणी ठराविक दिवशी तपासा, आजारी माणसांच्या विष्ठेतून जंतू त्यात उतरतातच. सांडपाण्याला आधारकार्ड लागत नाही, कुणाचं नाव फुटत नाही, बोगस मोबाईल नंबर टाकायची सोय नाही. मुंबईत पोलिओसाठी हे २००१ पासून चालू आहे, काही नवीन शोध नाही. त्यात कोरोना, कॉलरा जे शोधायचं ते शोधा, संशयास्पद वाटेल ते सिक्वेन्सिंगला पाठवा. मुंबई महापालिकेने कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची सिक्वेन्सिंग लॅब ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केली, आणि आपल्या म्हसरूळला तर राज्याचं आरोग्य विद्यापीठच आहे राव! आकडे दर आठवड्याला पालिकेच्या साइटवर टाका, पीडीएफचा फोटो नको, नीट एक्सेल टाका.

सिंहस्थाच्या आराखड्यात यासाठी पैसे धरलेत का, कोणत्या हेडखाली, हे पालिकेत कुणी ओळखीचं असेल तर विचारून सांगा. नाहीतर आरटीआयचा फॉर्म माझ्याकडे आहे, सोमवारी टाकतोय.