‘साच्यातल्या बाहुल्या’ म्हणण्याआधी परफ्यूमची पंचवीस वर्षं बघा

जपानी पॉपचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. त्याचं सार असं: जपानमधले मुलींचे ग्रुप म्हणजे कंपनीने साच्यातून काढलेल्या बाहुल्या. मुली कंपनी निवडते, गाणं यंत्र गातं, एखाद्या जाहिरातीने त्या रातोरात मोठ्या होतात आणि पंचविशी उलटली की त्यांच्या जागी नव्या येतात. सोबत पुष्कळदा फोटो असतो तो परफ्यूम या तीन जणींच्या जपानी ग्रुपचा. एकसारखे पोशाख, उंच टाचा, निर्विकार चेहरे. मी हा ग्रुप कितीतरी वर्षं ऐकतोय आणि त्या मजकुराला नेमका हाच फोटो लावलेला दिसला की मला मनापासून वाईट वाटतं. कारण यातला एकेक मुद्दा परफ्यूमपाशी येऊन अडतो.

‘मुली कंपनीने निवडल्या.’

नाही. हा ग्रुप 2000 साली हिरोशिमात जमला, टोकियोतल्या कुठल्या कचेरीत नव्हे. अ‍ॅक्टर्स स्कूल हिरोशिमा नावाच्या शाळेत गाणं-नाच शिकणाऱ्या तीन मुलींनी मिळून तो केला. वय अकरा-बारा. तिघींच्याही नावात ‘सुगंध’ या अर्थाचं एकच चित्राक्षर होतं, म्हणून नाव पडलं परफ्यूम. पुढे त्यांतली एक अभ्यासासाठी बाजूला झाली आणि त्याच शाळेतली आयानो ओमोतो, म्हणजे नोच्ची, तिच्या जागी आली. तिच्या नावात ते अक्षर नाही, तरी नाव तेच राहिलं. अयाका निशिवाकी (आ-चान), युका काशिनो (काशियुका) आणि नोच्ची या तिघींत त्यानंतर कधीही बदल झाला नाही.

आणखी एक व्यक्ती हिरोशिमापासून सोबत आहे, तिचा उल्लेख त्या मजकुरात कधीच नसतो. मिकिको. त्याच शाळेत या मुलींना नाच शिकवणाऱ्या बाई. परफ्यूमचे नाच त्यांनीच बसवले, पुढे टोकियो डोम हे प्रचंड स्टेडियम भरलं तेव्हाही त्याच होत्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या समारोपात टोकियोने यजमानपद स्वीकारलं, त्या कार्यक्रमाच्या नृत्यामागेही मिकिकोच होत्या. विद्यार्थिनी आणि गुरू मिळून इतक्या वर जातात, हे कुठल्याही क्षेत्रात विरळच.

‘गाणं यंत्र गातं.’

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. 2003 पासून त्यांची गाणी संगीतकार यासुताका नाकाता करत आले. चाल, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण, सगळं त्यांचं, आणि पुढे शब्दही. तिघींचे आवाज ते मुद्दाम संगणकातून काढतात, कापतात, जोडतात. मंचावर नाचाच्या बऱ्याच गाण्यांत आवाज आधी मुद्रित केलेला असतो, हेही खरं.

पण म्हणून त्यांना गाता येत नव्हतं असा अर्थ काढणं चूक आहे. या मुली जीव ओतून, भाव दाखवत गाणं शिकल्या होत्या. नाकातांनी त्यांना नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलं. खाली बसून, सपाट, हरकती न घेता गा. सुरुवातीला ते तिघींनाही जड गेलं आणि हे त्यांनी मुलाखतींत लपवलेलं नाही. आवाज झाकण्यासाठी यंत्र आलेलं नव्हतं. सिंथेसायझर हे जसं वाद्य, तसा आवाजही एक वाद्य म्हणून वापरायचा, हा तो विचार होता. आपण तर पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. पडद्यावर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हे आपल्याला कधी फसवणूक वाटलं नाही. इथे तर ओठही त्यांचेच आणि गळाही त्यांचाच.

शिवाय मंचावर त्यांचं काम आहे ते अंगाचं. मिकिकोंच्या नाचात तिघी क्वचितच एकच हालचाल करतात. एकीचा हात वर जातो तेव्हा दुसरीचं मनगट वळतं, तिसरी नुसती मान फिरवते, आणि तिन्ही मिळून एक आकृती होते. बोटाच्या पेरापर्यंत सगळं ठरलेलं. हे त्या उंच टाचांवर करतात, एकामागून एक गाणं. 2012 मध्ये त्यांच्या नाचाच्या हालचालींची नोंद डिजिटल रूपात सगळ्यांसाठी मोफत खुली केली गेली, आणि जगभरच्या लोकांनी ती वापरून आपापली चित्रं आणि कार्यक्रम बनवले. ज्याला काही लपवायचं असतं तो आपली प्रत्येक हालचाल अशी मोजून लोकांच्या हाती देत नाही.

आणि गाण्यांच्या मध्ये आ-चान बोलायला लागते तेव्हा यंत्र कुठे असतं? हिरोशिमाच्या बोलीत, मनात येईल तसं, लांबच लांब. कधी रडते, कधी तिघींच्या गप्पा भलतीकडेच जातात. ‘बाहुली’ म्हणणाऱ्याने त्या गप्पा एकदा ऐकाव्यात, भाषा नाही कळली तरी चालेल.

‘एका जाहिरातीने रातोरात मोठ्या झाल्या.’

ती जाहिरात खरी आहे. सप्टेंबर 2007 मध्ये आलेलं ‘पॉलिरिदम’ हे गाणं पुनर्वापराचा संदेश देणाऱ्या सार्वजनिक मोहिमेत वाजलं आणि परफ्यूम घराघरात पोचली. पण ही रात्र सात वर्षांची होती. 2002 मध्ये पहिली सीडी निघाली ती फक्त हिरोशिमापुरती. मग टोकियो, तिथल्या अकिहाबारा भागात रस्त्यावर नाचणं, पत्रकं वाटणं. 2005 मध्ये मोठ्या कंपनीकडून पहिलं गाणं आलं, ते फारसं खपलं नाही. 2006 मध्ये निवडक गाण्यांचा अल्बम निघाला तेव्हा हा निरोपाचाच अल्बम असणार, अशी भीती होती. त्यांची गाणी आवडली म्हणून काएला किमुरा ही गायिका आपल्या रेडिओ कार्यक्रमात ती सारखी वाजवत राहिली, आणि तिथून ती जाहिरातवाल्यांच्या कानावर गेली. कोणीतरी ऐकलं, दुसऱ्याला ऐकवलं, असा तो प्रवास आहे.

त्या गाण्याबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. मध्यावर शब्द जवळपास संपतात. खाली चार मात्रांचा ठेका चालू राहतो आणि त्यावर पाचाची आणि सहाची आवर्तनं एकमेकांना छेद देत फिरतात. तबल्याची लयकारी ऐकलेल्या कानाला तिथे लगेच ओळख पटते: आता सम कुठे येणार, म्हणून जीव टांगणीला लागतो. बाजारात चालणाऱ्या गाण्यात इतका वेळ हे नको, असा आग्रह झाला होता. नाकातांनी तो तुकडा काढला नाही. साच्यातून काढलेल्या मालात असा हट्ट कोण धरतं? 2011 चा ‘कार्स 2’ हा चित्रपट तुमच्या घरच्या मुलांनी पाहिला असेल, तर टोकियोच्या प्रसंगात हे गाणं त्यांच्या कानावरून गेलेलं आहे.

2008 मध्ये अल्बम ‘गेम’ ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या यादीत पहिला आला. 3 नोव्हेंबर 2010 ला टोकियो डोम. नंतर युरोप, अमेरिका, 2019 मध्ये अमेरिकेतलाच कोचेला संगीत महोत्सव.

‘पंचविशी उलटली की बदलतात.’

काही ग्रुपांत सदस्य बदलत राहण्याची पद्धतच आहे. मॉर्निंग मुसुमे (1997 पासून) आणि एकेबी48 (2005 पासून) यांत जुन्या मुली ‘पदवी’ घेऊन बाहेर पडतात आणि नव्या येतात. त्या व्यवस्थेवर टीका जरूर व्हावी, त्यात कोवळ्या वयाच्या मुलींवर पडणारा ताण खरा आहे. पण सगळ्या जपानी ग्रुपांना तीच मोजपट्टी लावून वर परफ्यूमचा फोटो चिकटवणं हा या तिघींवर अन्याय आहे.

2025 च्या सप्टेंबरमध्ये, मोठ्या कंपनीकडून आलेल्या त्या पहिल्या गाण्याला वीस वर्षं झाली त्या दिवशी, तिघींनी स्वतः जाहीर केलं की वर्षअखेरीला ग्रुपचं काम थांबवतोय. या थांबण्याला त्यांनी नाव दिलं ‘कोल्ड स्लीप’. त्यानंतर 22 आणि 23 तारखेला पुन्हा टोकियो डोम, त्याच तिघी, त्याच टाचा. नोच्चीला 37 पूर्ण होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते.